नोंद झाली, ताबा कुठे? व्हीपीएनची सेटिंग डीमनपर्यंत पोहोचते तेव्हा

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे जमीन ताब्यात आली, असं समजणाऱ्याला गावात कोणी व्यवहारी म्हणत नाही. नोंद वेगळी आणि ताबा वेगळा. दोन्हींच्या मध्ये फेरफार, नोटीस, हरकत, मोजणी आणि बांधापलीकडचा शेजारी असतो. व्हीपीएन सांभाळणाऱ्याला हा फरक रोज भेटतो. त्याच्या बांधापलीकडे दुसऱ्या शहरातला गेटवे असतो, एवढंच.

समजा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यातल्या जोडणीची सेटिंग बदलायची आहे. काम करणाऱ्यानं फाइल उघडली, दोन ओळी बदलल्या आणि लोड करण्याची आज्ञा दिली. एक जोडणी यशस्वीपणे लोड झाल्याचं पडद्यावर उमटलं. त्यानं जोडणी उभी करून पाहिली, पलीकडच्या सर्व्हरला पिंग गेला, उत्तर आलं. तो लॅपटॉप मिटून झोपला. साडेबारा उलटून थोडा वेळ झाला आणि शाखा गायब झाली. मधल्या तासाभरात फाइलला कोणी हात लावला नव्हता, तार तुटली नव्हती, वीज गेली नव्हती.

नेमकं काय झालं, ते पुढे येईल. त्याआधीचा प्रश्न मोठा आहे. ‘लोड झालं’ असं यंत्र म्हणतं तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं? गेल्या पंचवीसेक वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली. त्या उत्तरांचा हा आढावा आहे.

दोन कामगार, पाच वह्या

आयपीसेक ही इंटरनेटवरच्या पॅकेटांना कुलूप घालणारी जुनी आणि अजून कामावर असलेली व्यवस्था. तिची पहिली मानकं 1995 मध्ये आली, 1998 मध्ये आरएफसी 2401 आणि 2005 मध्ये आरएफसी 4301 या मानक-दस्तऐवजांनी ती नव्यानं मांडली. हिच्यात काम दोघांत वाटलेलं असतं. पॅकेट कुलूपबंद करणं आणि उघडणं हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं काम. ते वेगानं होतं आणि त्यात विचार नसतो. किल्ली कोणती, ती कोणाबरोबर ठरवायची, समोरचा खरंच तोच आहे का, हे सगळं ठरवतो तो डीमन: पडद्यावर न दिसता सतत चालू राहणारा प्रोग्रॅम.

या बोलाचालीचे नियम म्हणजे आयकेई, इंटरनेटवरची किल्ली-देवघेव. पहिली आवृत्ती 1998 मध्ये आरएफसी 2409 म्हणून आली, दुसरी 2005 मध्ये. दुसरीचं आजचं मानक म्हणजे 2014 चं आरएफसी 7296. बोलणी यूडीपीच्या 500 क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतात. वाटेत पत्ते बदलणारा राउटर असेल तर ती 4500 वर सरकतात. दुसऱ्या आवृत्तीत बोलणी चार संदेशांत उरकतात. पहिल्या दोनांत अल्गोरिदम ठरतात आणि डिफी-हेलमन पद्धतीनं दोघांचं एक गुपित तयार होतं. पुढच्या दोनांत दोघं आपापली ओळख पटवतात आणि वाहतुकीसाठीची पहिली किल्ली तयार होते.

हे करायला डीमनला आधी काही गोष्टी माहीत असाव्या लागतात: मी कोण, समोरचा कोण, त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, कोणते अल्गोरिदम चालतील आणि बोगद्यातून कोणत्या नेटवर्कची वाहतूक न्यायची. हीच जोडणीची सेटिंग. ती एका जागी राहत नाही, हीच खरी अडचण. पहिली वही डिस्कवरची फाइल. दुसरी डीमनच्या स्मृतीत. तिसरी डीमननं प्रत्यक्ष उभ्या केलेल्या जोडण्यांची. चौथी कर्नलची, जिच्यात कोणत्या पॅकेटाला कुलूप घालायचं याची धोरणं आणि त्यासाठीच्या किल्ल्या असतात. पाचवी पलीकडच्या गेटवेवर, जिथं लेखणी दुसऱ्याच माणसाच्या हातात असते.

लोड करणं म्हणजे पहिल्या वहीतून दुसरीत उतरवून घेणं. त्यापुढचं त्यात आपोआप येत नाही. या विषयातले बहुतेक घोळ दुसऱ्या वहीतली नोंद पाहून पाचही वह्या जुळल्या असं समजण्यातून होतात.

प्लूटोच्या दरबारात

लिनक्सवरची ही गोष्ट फ्रीस्वान या प्रकल्पापासून सुरू होते. तो उभा केला जॉन गिलमोर यांनी. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी ते एक. 1996 सालात इंटरनेटवरच्या पाच टक्के वाहतुकीला चोरून ऐकणाऱ्यांपासून वाचवायचं, असं त्यांचं उद्दिष्ट होतं. त्या काळात अमेरिकेतून सांकेतिकीकरणाची साधनं बाहेर पाठवण्यावर निर्बंध होते. म्हणून सगळं लेखन अमेरिकेबाहेर झालं आणि अमेरिकी प्रोग्रॅमरांनी पाठवलेले बदल प्रकल्प स्वीकारत नसे. कर्नलमधल्या भागाचं नाव क्लिप्स आणि किल्ल्या ठरवणाऱ्या डीमनचं नाव प्लूटो, पाताळाच्या राजाचं.

या प्लूटोला सेटिंगची फाइल वाचता येत नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती. फाइल वाचायची बाहेरच्या स्क्रिप्टनी आणि वाचलेलं प्लूटोच्या कानावर घालायचं व्हॅक नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं. आज हे अवघडलेलं वाटतं, पण त्यात शहाणपण होतं. नेटवर्कवरून कोणाचंही पॅकेट स्वीकारणाऱ्या प्रोग्रॅमवर सेटिंगच्या फाइलीचं व्याकरण सोडवण्याचा भार फ्रीस्वानवाल्यांनी टाकला नाही.

त्याहून मोलाची गोष्ट शब्दांची. फ्रीस्वाननं ‘ॲड’, ‘रूट’ आणि ‘अप’ असे तीन वेगळे शब्द वापरले. ॲड म्हणजे डीमनला जोडणी माहीत झाली. रूट म्हणजे कर्नलमध्ये सापळा लागला: या नेटवर्ककडे जाणारं पॅकेट दिसलं की डीमनला हाक मारायची. अप म्हणजे बोलणी आत्ताच सुरू करायची. नोंद, मोजणी आणि ताबा यांतला फरक त्या पिढीनं शब्दांतच बांधून ठेवला होता. नंतरच्या अनेक साधनांनी हे तिन्ही टप्पे एका बटणाखाली झाकले आणि गोंधळ वाढला.

जपानमधल्या केमी प्रकल्पानं बीएसडी घराण्यासाठी रकून नावाचा डीमन लिहिला. त्याची रीत निराळी. रकून आपली फाइल स्वतः वाचत असे, पण कर्नलमधली धोरणं सेटकी नावाच्या वेगळ्या साधनानं भरावी लागत. एकाच जोडणीची सेटिंग दोन फाइलींत, दोन व्याकरणांत. एकीत नेटवर्कचा पत्ता बदलला आणि दुसरीत राहून गेला की कर्नल डीमनला हाक मारी आणि डीमनला ती ओळखीची वाटत नसे. ओपनबीएसडीनं नंतर आयकेडी हा डीमन आणला. त्याची मांडणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्यात एक प्रक्रिया फाइल वाचते, दुसरी नेटवर्कशी बोलते आणि खासगी किल्ल्या तिसरीकडे असतात. वाचलेली सेटिंग आतल्या आत संदेशांनी पोहोचते. फाइल लोड न करता तिचं व्याकरण तपासण्याची सोयही तिथं आहे.

फ्रीस्वान 2004 मध्ये थांबला. त्याच्या मुळातून ओपनस्वान आणि स्ट्रॉन्गस्वान अशा दोन फांद्या फुटल्या. ओपनस्वानमधून 2012 मध्ये लिब्रेस्वान निघाला. त्यात प्लूटो आणि व्हॅक दोघेही अजून कामावर आहेत.

नावाडी आला

स्ट्रॉन्गस्वानची धुरा स्वित्झर्लंडमधल्या रापर्सविलच्या तंत्रविद्यालयातले आंद्रेआस श्टेफन यांनी उचलली. आयकेईची दुसरी आवृत्ती आली तेव्हा प्लूटोला शिकवण्यापेक्षा नवा डीमन लिहिणं सोपं ठरलं. तिथल्याच यान हुटर आणि मार्टिन विली या विद्यार्थ्यांच्या प्रबंधातून तो उभा राहिला. नाव कॅरन. ग्रीक पुराणात मृतांना नदीपार नेणारा नावाडी कॅरन आणि प्लूटो ग्रहाचा सर्वांत मोठा उपग्रहही कॅरन. काही वर्षं दोघं एकाच पाटावर बसले. जुन्या आवृत्तीची बोलणी प्लूटो करी, नव्या आवृत्तीची कॅरन. 2012 मध्ये स्ट्रॉन्गस्वान 5.0 आला, कॅरनला दोन्ही आवृत्त्या येऊ लागल्या आणि प्लूटोला काढून टाकलं. खगोलशास्त्रज्ञांनी 2006 मध्येच प्लूटोचं ग्रहपद काढून घेतलं होतं. इथं तर ग्रहच गेला आणि उपग्रह राहिला.

सेटिंग पोहोचवण्याची पद्धत मात्र आधी जुन्याच वळणाची होती. स्टार्टर नावाचा प्रोग्रॅम ‘आयपीसेक डॉट कॉन्फ’ ही फाइल वाचायचा आणि स्ट्रोक नावाच्या वाटेनं कॅरनला सांगायचा. ‘अपडेट’ म्हटलं की स्टार्टर फक्त बदललेल्या जोडण्या पुन्हा द्यायचा. ‘रीलोड’ म्हटलं की सगळी सेटिंग नव्यानं द्यायचा. गुपितं वेगळ्या फाइलीत, म्हणून ती पुन्हा वाचायला आणखी एक आज्ञा.

स्ट्रोकची खरी मर्यादा संवादाची होती. निरोप सी भाषेतल्या ठरावीक साच्यात बांधून जायचा आणि उत्तर माणसानं वाचायच्या मजकुरात यायचं. दुसऱ्या प्रोग्रॅमला कॅरनशी बोलायचं असेल तर तो मजकूर चाळत बसावं लागे. एका माणसाच्या दोन गेटवेंना हे चालून जातं. शेकडो जोडण्या यंत्रानंच उभारायच्या आणि पाडायच्या असतील तर ते पेलत नाही.

व्हिचीची वाट

2014 मध्ये स्ट्रॉन्गस्वान 5.2.0 सोबत व्हिची आलं. हा कॅरनशी बोलण्याचा ठरलेला, यंत्राला समजेल असा संवाद. त्याच्यासोबत स्वानसीटीएल हे आज्ञेचं साधन आलं. फाइल आता स्वानसीटीएल वाचतं, तिच्यातल्या ओळींचे विभाग, जोड्या आणि याद्या करतं आणि एका युनिक्स सॉकेटवरून कॅरनला पाठवतं. प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी येते. एका निरोपाची कमाल लांबी 512 किलोबाइट. कॅरनचं उत्तरही त्याच साच्यात: यश की अपयश, आणि अपयश असेल तर कारण. पायथन, रुबी आणि पर्ल या भाषांसाठी लायब्ररी प्रकल्पानंच दिल्या. त्यामुळे फाइल न लिहिताच एखादा प्रोग्रॅम जोडणी लोड करू शकतो.

फाइलीची रचनाही बदलली. एका जोडणीच्या विभागात दोन्ही टोकांचे पत्ते, आपली ओळख, समोरच्याची ओळख आणि किल्लीच्या बोलणीसाठी चालणाऱ्या अल्गोरिदमची यादी असते. त्याच्या पोटात ‘चिल्ड्रन’ असा उपविभाग, म्हणजे त्या जोडणीखाली उभ्या राहणाऱ्या वाहतुकीच्या वाटा. प्रत्येक वाटेला आपली दोन नेटवर्कं आणि आपले अल्गोरिदम. गुपितं, पत्त्यांचे साठे आणि प्रमाणपत्र देणारे अधिकारी यांचे विभाग वेगळे. प्रमाणपत्रं आणि खासगी किल्ल्या त्यांच्या ठरलेल्या फोल्डरांत.

लोड करण्याच्या आज्ञाही चार झाल्या: ओळखपत्रं, अधिकारी, पत्त्यांचे साठे आणि जोडण्या. ‘लोड-ऑल’ या चौघांना याच क्रमानं बोलावतं. जोडण्या शेवटी, कारण त्यांना लागणारं सामान आधीच मांडलेलं बरं. जोडण्यांची आज्ञा आणखी एक काम करते. डीमनकडे आहे पण फाइलीत उरलेली नाही, अशी जोडणी ती उतरवते. फाइल हीच अंतिम नोंद मानायची, असा हा आग्रह आहे आणि तो योग्यही आहे. पण त्यात एक खाच आहे. एखाद्या प्रोग्रॅमनं व्हिचीवरून थेट चढवलेली जोडणी फाइलीत कधीच नसते. कोणी हातानं जोडण्या लोड केल्या की ती निमूट उतरते. म्हणून एका डीमनचा तलाठी एकच हवा. फाइलीनं चालवायचं की प्रोग्रॅमनं, हे आधी ठरवलेलं बरं.

व्हिचीवरून आलेलं सगळं कॅरनच्या स्मृतीत राहतं, डिस्कवर जात नाही. डीमन पुन्हा सुरू झाला की दुसरी वही कोरी असते. म्हणून लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या व्यवस्थेत डीमन उभा राहताच ‘लोड-ऑल’ चालवण्याची ओळ दिलेली असते. प्रश्न न विचारता चालवायची सूचनाही तिच्यात असते. कारण किल्लीला परवलीचा शब्द असेल आणि पहाटे तीनला यंत्र आपोआप उठलं असेल, तर शब्द टंकायला तिथं कोण बसलंय?

सॉकेटच्या सुरक्षेबद्दल एक वाक्य पुरे: त्यावर लिहिता येणारा माणूस व्हीपीएनचा मालक असतो. व्हिचीला स्वतःचं कुलूप नाही. ते टीसीपीवरून नेटवर्कवर उघडता येतं, पण तसं करणं म्हणजे तिजोरीची किल्ली दारावरच्या खिळ्याला टांगणं.

हळूहळू इतरांनीही ही वाट धरली. पीएफसेन्स या फायरवॉलनं 2021 च्या 2.5.0 आवृत्तीत जुनी फाइल सोडून स्वानसीटीएलची पद्धत घेतली. व्हीवायओएस या राउटर-प्रणालीतही वरून आज्ञा तिची आणि आतून काम स्ट्रॉन्गस्वानचं, अशी मांडणी आहे.

लोड होताना काय तपासलं जात नाही

आता साडेअकराच्या त्या रात्रीकडे परत.

लोड करताना कॅरन निरोपाचं व्याकरण बघतो. अनोळखी शब्द, न समजणारा अल्गोरिदम, चुकीच्या साच्यात लिहिलेलं नेटवर्क यांना तो तिथंच नकार देतो. पण जोडणी निर्दोष आहे का, हे तो तपासत नाही आणि तपासू शकतही नाही. जोडणीत पत्त्यांच्या साठ्याचं नाव लिहिलंय पण साठा लोडच केलेला नाही, तरी जोडणी लोड होते. चूक कळते ती बाहेरून जोडला जाणारा पहिला वापरकर्ता पत्ता मागतो तेव्हा. सामाईक गुपित लोड करायचं राहिलं, तरी जोडणी लोड होते. चूक कळते ती ओळख पटवताना. अशा चुका लोडच्या क्षणी गप्प बसतात आणि बोलणीच्या क्षणी बोलतात. तो क्षण कोणता, हे आपण ठरवत नाही.

जोडणी निवडण्याची रीतही अशीच फसवी. समोरून बोलणी आली की कॅरनला सुरुवातीला फक्त दोन पत्ते दिसतात. त्यावरून तो आपल्याकडच्या जोडण्यांतून उमेदवार काढतो. समोरच्यानं आपली ओळख सांगितली की त्या उमेदवारांतली नेमकी जोडणी ठरते. ओळख एका अक्षरानं चुकली तर जुळणारी जोडणी नाही, असा निकाल लागतो. लोड केलेली जोडणी मात्र यादीत डोळ्यांसमोर असते. ‘यादीत आहे, मग सापडत का नाही?’ असं विचारत नव्या माणसाची रात्र जाते.

सगळ्यात चकवणारी चूक त्या रात्रीचीच. आयकेईच्या दुसऱ्या आवृत्तीत वाहतुकीची पहिली किल्ली ओळख पटवण्याच्या संदेशांसोबतच तयार होते. त्यासाठी डिफी-हेलमनची वेगळी देवघेव होत नाही, पहिल्या देवघेवीतलंच गुपित वापरलं जातं. नव्या किल्लीसाठी नवी देवघेव हवी, अशी अट फाइलीत लिहिलेली असली तरी ती पहिल्या वेळी लागूच होत नाही. ती लागू होते किल्ली बदलताना. स्वानसीटीएलमध्ये वाहतुकीची किल्ली बदलण्याचा मूळ अवधी एक तास. दोन्ही टोकांनी एकाच क्षणी किल्ली बदलायला घेऊ नये म्हणून त्यात थोडा सैलपणा ठेवतात. म्हणजे बदल 54 ते 60 मिनिटांच्या दरम्यान कधीतरी होतो, आणि 66 मिनिटांनी जुनी किल्ली सक्तीनं बाद होते.

आपल्या माणसानं दोन ओळींत हीच अट बदलली होती, आणि पलीकडच्या गेटवेवर जुनीच अट होती. साडेअकराला जोडणी उभी राहिली, कारण ती अट तेव्हा कोणी विचारलीच नाही. साडेबाराच्या आतबाहेर किल्ली बदलण्याची बोलणी फिसकटली, पण जुनी किल्ली चालू होती म्हणून वाहतूक थांबली नाही. बारा छत्तीसच्या सुमारास जुनी किल्ली संपली आणि शाखा गायब झाली.

यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. जोडणी उभी केल्यावर तासभर वाट न बघता किल्ली बदलण्याची आज्ञा हातानं द्यायची. स्वानसीटीएलमध्ये तशी आज्ञा आहे. जुळत नसेल तर ते त्याच मिनिटाला कळतं. दुसरा मार्ग 2010 च्या आरएफसी 6023 चा: आधी वाहतुकीच्या किल्लीशिवाय फक्त ओळख पटवून घ्यायची आणि मग पहिलीच वाहतूक-किल्ली वेगळ्या देवघेवीनं करायची. स्ट्रॉन्गस्वानमध्ये ही निवड प्रत्येक जोडणीला देता येते, मात्र पलीकडच्यालाही ती यायला हवी.

चालू जोडणीचं काय?

दुसरा मोठा गैरसमज उलट्या बाजूचा आहे. फाइल बदलली, लोड केली, म्हणजे चालू जोडणी नव्या अटींवर आली, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. लोडमुळे डीमनच्या मनातली नोंद बदलते. आधीच उभी असलेली जोडणी ज्या अटींवर उभी राहिली त्याच अटींवर चालत राहते. नवे अल्गोरिदम लागू करायचे असतील तर ती पाडून पुन्हा उभी करावी लागते. पाडली तर दिवसाढवळ्या वाहतूक तुटते, आणि नाही पाडली तर नव्या फाइलीखाली जुनी जोडणी महिनोन्महिने चालू राहू शकते. सुरक्षा तपासणीला फाइल दाखवली जाते आणि चालतं भलतंच. म्हणून लोड केलेल्या जोडण्यांची यादी आणि प्रत्यक्ष उभ्या असलेल्यांची यादी या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायच्या असतात.

याला जोडून ‘स्टार्ट-ॲक्शन’ हा मुद्दा येतो: लोड होताच काय करायचं? काहीच नाही, कर्नलमध्ये सापळा लावायचा, की लगेच बोलणी सुरू करायची? हीच ती फ्रीस्वानची ॲड, रूट, अप ही जुनी त्रयी. इथं लोडची मर्यादा ओलांडली जाते, कारण नोंदीसोबत तिसऱ्या आणि चौथ्या वहीलाही हात लागतो. अशी जोडणी बदलून पुन्हा लोड केली की उलटी क्रियाही होऊ शकते: सापळा निघतो, किंवा आपण सुरू केलेली वाट बंद होते. या बाबतीतलं वागणं स्ट्रॉन्गस्वाननं 2024 च्या अखेरीस आलेल्या 6.0 आवृत्तीत सुधारलं. म्हणजे दहा वर्षं वापरात असलेल्या गोष्टीतही हा कोपरा घासूनपुसून घ्यावा लागला.

अनुभवी माणसं सापळ्याच्या बाजूनं झुकतात, आणि ते पटण्यासारखं आहे. नुसती ‘लगेच सुरू कर’ अशी सूचना दिली आणि त्याच क्षणी पलीकडचा गेटवे बंद असला, तर प्रयत्न संपल्यावर कोणी पुन्हा हाक मारेलच असं नाही. सापळा लावलेला असेल तर पहिलं पॅकेट आलं की कर्नल पुन्हा डीमनला उठवतो. नोकराला उठवायला गजराचं घड्याळ लावावं की दारावरची घंटा, असा हा प्रश्न आहे. घंटा वाजवणारं गिऱ्हाईक येईपर्यंत थांबण्यात तोटा नसेल, तर घंटाच बरी.

ढकलायचं, ओढायचं की मागे घ्यायचं

आतापर्यंतच्या बहुतेक पद्धती ढकलण्याच्या होत्या: बाहेरचं साधन सेटिंग डीमनकडे ढकलतं. उलटी पद्धतही आहे. कॅरनला डेटाबेसशी जोडता येतं, मग बोलणी येईल तेव्हा तो तिथून सेटिंग ओढून घेतो. लोड नावाचा टप्पाच उरत नाही. हजारो वापरकर्ते असतील तिथं हे मोहक वाटतं. पण लोडच्या क्षणी होणारी व्याकरणाची तपासणीही त्यासोबत जाते. चुकीची ओळ डेटाबेसमध्ये निवांत पडून राहते आणि तिची पहिली बातमी ग्राहकाच्या तक्रारीतून येते.

राउटरवाल्यांनी हाच प्रश्न वेगळ्या अंगानं सोडवला. सिस्कोच्या जुन्या घराण्यात टंकलेली ओळ तिथल्या तिथे लागू होते, पण जपून ठेवल्याशिवाय पुढच्या सुरुवातीला टिकत नाही. चालू सेटिंग आणि सुरुवातीची सेटिंग अशा दोन वह्या तिथं उघडपणे मान्य केल्या आहेत. जुनिपरच्या जुनोसमध्ये बदल आधी उमेदवार म्हणून राहतात आणि ‘कमिट’ म्हटल्यावर एकत्र लागू होतात. तिथली ‘कमिट कन्फर्म्ड’ ही सोय तर व्हीपीएनवाल्यांनी हेवा करावा अशी. बदल लागू होतो, पण ठरलेल्या वेळात, मूळ अवधी 10 मिनिटं, पुन्हा होकार दिला नाही तर यंत्र आपोआप जुन्या सेटिंगवर परत जातं. ज्या बोगद्यातून आपण दूरच्या गेटवेवर पोहोचलो, त्याच बोगद्याची सेटिंग बदलताना हा परतीचा दोर जीव वाचवतो. स्वानसीटीएलच्या साध्या वापरात असा दोर नसतो. तो आपणच बांधावा लागतो: जुनी फाइल बाजूला ठेवायची आणि दहा मिनिटांनी ती परत लोड करणारा टायमर आधीच लावून ठेवायचा.

वायरगार्डनं तर हा प्रश्नच लहान करून टाकला. 2020 मध्ये लिनक्स 5.6 सोबत ते कर्नलमध्ये आलं. त्यात किल्ल्यांची बोलणी करणारा वेगळा डीमन नाही आणि अल्गोरिदमची घासाघीसही नाही, कारण संच एकच ठरलेला. म्हणून न जुळण्याच्या जागाच कमी. तरीही लोडचा प्रश्न तिथं नाहीसा झाला नाही. सगळी सेटिंग नव्यानं बसवणारी आज्ञा एक, आणि चालू सत्रं न मोडता फक्त फरक तेवढा लागू करणारी दुसरी. तिचं नावच ‘सिंककॉन्फ’.

मोठ्या जाळ्यांसाठी 2021 च्या आरएफसी 9061 नं यांग या भाषेत आयपीसेकच्या सेटिंगचं प्रमाणित प्रारूप दिलं. त्यात दोन वाटा आहेत. एकीत मध्यवर्ती नियंत्रक प्रत्येक गेटवेच्या डीमनला जोडणीची सेटिंग देतो आणि बोलणी डीमन करतात. दुसरीत डीमनच नाही, नियंत्रक थेट कर्नलच्या वहीत किल्ल्या लिहितो. दुसऱ्या वाटेवर दोन्ही टोकांची लेखणी एकाच हातात आल्यानं न जुळण्याचा धोका घटतो. पण सगळ्या किल्ल्या जाणणारा एकच माणूस गावात तयार होतो, आणि त्याच्या घरी चोरी झाली तर गावाचीच झाली.

पुढचं वळण क्वांटम संगणकांच्या भीतीतून येतंय. 2023 च्या आरएफसी 9370 नं मूळ देवघेवीसोबत सातपर्यंत जादा देवघेवींची सोय केली. अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट 2024 मध्ये अशा देवघेवीसाठीचं एमएल-केम हे तंत्र प्रमाणित केलं आणि स्ट्रॉन्गस्वान 6.0 नं ते घेतलं. सुरक्षेसाठी हे हवंच. पण अल्गोरिदमची ओळ जितकी लांब, तितक्या दोन टोकांमध्ये न जुळण्याच्या जागा जास्त. तासाभरानं फुटणाऱ्या चुका यापुढे कमी होतील असं मानायला आधार दिसत नाही.

आढाव्याअंती

या सगळ्या प्रवासात प्रगती झाली ती पहिल्या दोन वह्यांच्या मधल्या रस्त्यावर. स्क्रिप्ट आणि व्हॅकपासून व्हिचीपर्यंत तो रस्ता खड्ड्यांचा होता, तो आता डांबरी झाला: निरोपाला आकार आला, उत्तराला कारण आलं, प्रोग्रॅमला बोलता येऊ लागलं. नवं काही उभारताना स्टार्टर आणि जुनी फाइल धरून बसण्यात आता अर्थ नाही.

पुढचा रस्ता मात्र डांबरी होणार नाही, कारण तो दोन मालकांच्या हद्दीतून जातो. आपल्या डीमननं सेटिंग कितीही नीट स्वीकारली तरी ती पलीकडच्याची संमती नसते. व्हीपीएनची सेटिंग म्हणजे निम्मा करार, आणि निम्म्या कराराला कोणतंही साधन लोडच्या क्षणी पूर्ण ठरवू शकत नाही. म्हणून ‘लोड झालं’ हे वाक्य कामाच्या सुरुवातीला ठेवायचं. त्यानंतर चालू जोडण्यांची यादी पाहायची, किल्ली हातानं बदलून पाहायची, डीमन एकदा पुन्हा सुरू करून सगळं आपोआप परत येतं का ते बघायचं आणि पलीकडच्या माणसाला फोन करून त्याच्या पडद्यावर काय दिसतं ते विचारायचं. या चार गोष्टींना मिळून पंधरा मिनिटं लागतात.

तलाठ्याच्या चावडीतून फेरफाराची नक्कल घेऊन निघालेला जाणता शेतकरी सरळ घरी जात नाही. तो आधी शेतावर जातो, बांधावरच्या शेजाऱ्याला हाक मारतो आणि त्याच्यासमोर हद्दीच्या दगडाला हात लावून बघतो. आपल्या माणसालाही साडेअकराला लॅपटॉप मिटण्याआधी तेवढंच करायचं होतं.